मालात फरक नाही

गुरनुले सर कोणतीही वस्तू हातात घेतली की आधी ती उलटी करत. कपबशी असो, टेबलफॅन असो, कुणी लग्नात दिलेली गणपतीची मूर्ती असो. तळाला काय छापलंय, कुठे बनलंय, हे वाचल्याशिवाय वस्तूच्या तोंडाकडे ते बघतच नसत. मग ती सरळ करायची, बोटाच्या पेरानं एकदा टकटक वाजवायची आणि म्हणायचं, "मॅडम, मालात फरक नाही. फरक डब्यात हाय."

सान्वी, निहार, गेल्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत की आजी, ती लाकडाच्या वासाच्या सेंटची बाटली संपली का, आणि मी निहारच्या परीक्षेचा विषय काढला. विषय बदललेला माझा मलाच आवडला नाही. वर्गात कुणी असं केलं तर मी उभं करत असे. म्हणून आता नीट, क्रमानं लिहिते. आधी माणूस, मग बाटली.

आदिलाबादच्या एकाच कॉलेजात आम्ही शिकवलं. मी इंग्रजी, ते गणित. पुढे घरंही शेजारी आली. मध्ये कमरेइतकी भिंत आणि तिच्यात एक लोखंडी फाटक, जे कधी लावलेलं मला आठवत नाही. सर उंच, काटकुळे, शर्टाला कडक इस्त्री आणि खिशात चौकोनी घडीचा पांढरा रुमाल. नाक मोठं होतं आणि त्याचा त्यांना अभिमान होता. स्टाफरूमच्या दारात उभं राहून ते कुणाच्या डब्यात काय आहे ते सांगत आणि सहसा चुकत नसत. शिपायाशी तेलुगूत बोलत, दुकानदाराशी हिंदी-उर्दूत, घरी वऱ्हाडी वळणाच्या मराठीत. रागावले की तिन्ही एकदम.

स्टाफरूमचा चहा ही त्यांची पहिली मोठी लढाई. आम्ही सगळे वर्गणी काढून चांगल्या कंपनीची चहापत्ती आणत असू. एके दिवशी सरांनी स्वतः दोन किटल्या आणल्या. एकीत म्हणे आपला नेहमीचा चहा, दुसरीत बाजारातली सुटी पत्ती. कोणती कोणती ते सांगा. आम्ही प्राध्यापक मंडळी डोळे मिटून, भुरके मारून, गंभीर चेहऱ्यानं चव घेत राहिलो. कुणालाही सांगता आलं नाही. सर टेबलावर थाप मारून म्हणाले, "पाह्यलं? एवढे शिकलेले लोक, आन डबा पिऊन राह्यले होते!" त्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत आमच्या स्टाफरूममध्ये सुटी पत्तीच आली.

मला कुकर घ्यायचा होता तेव्हा ते सोबत आले. दुकानदारानं चकचकीत खोक्यातला कुकर पुढे केला. सरांनी खोकं उलटं केलं, वाचलं, आणि परत सरकवलं.

"मियाँ, कुकर दो. डिब्बा रख लो, और डिब्बे के पैसे कम करो."

"सर, डिब्बा तो मुफ्त है."

"मुफ्त? तो इस पर ये बाई की फोटो किसने छपाई? इसके बाप ने?"

दुकानदार इतका हसला की त्यानं खरंच किंमत कमी केली. मी बिनखोक्याचा कुकर पदराआड धरून रिक्षात बसले. तो कुकर अजून चालतो, हेही लिहिलं पाहिजे.

आणि हेही लिहिलं पाहिजे की तुमचे आजोबा शेवटच्या आजारात होते तेव्हा सर रोज संध्याकाळी फाटकातून येत आणि त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत. आजोबांच्या गोळ्या महाग होत्या. त्याच औषधाच्या साध्या पाकिटातल्या गोळ्या मिळतात हे सरांनी शोधलं. मी घाबरले. म्हणाले, "माह्यावर विश्वास ठेवा मॅडम. मालात फरक असता तर मीच नको म्हटलं असतं." मी ठेवला. तेव्हापासून त्यांचा शब्द मी तपासून पाहिला नाही.

आता सुमनताई, त्यांच्या पत्नी. नार्नूरकडच्या शेतकऱ्याची मुलगी. बोलणं थोडं, हसणं पुष्कळ. नवऱ्यावर त्यांची श्रद्धा होती म्हटलं तर कमी होईल. नवरा हा त्यांचा दागिना होता. इतर बायका बांगड्या दाखवत, सुमनताई नवऱ्याची हुशारी दाखवत. त्यांच्या घरातली प्रत्येक वस्तू 'तशीच, पण स्वस्त' होती. मनगटावरचं घड्याळ तसंच, ओट्यावरचं मिक्सर तसंच, पर्सवर ज्या कंपनीचं नाव होतं त्यात एक अक्षर जास्त होतं. कुणी खोडी काढली की त्या म्हणत, "हसा बाप्पा हसा. तुमी फसता, आमी नाही. मले या माणसानं आयुष्यात कोणापाशी फसू नाही देलं."

हे झालं माणसाचं. आता बाटली.

सान्वी, तुझ्या पहिल्या पगारातून तू ती घेतलीस. किंमत तू सांगितली नाहीस. निहारनं सांगितली, आणि मी दोन दिवस त्या बाटलीला हात लावला नाही. मग तुझा फोन आला. तू म्हणालीस, "आजी, दुकानात वास घेतला आणि मला उतनूरच्या रस्त्यावरचं सागाचं रान आठवलं. आपण गाडी थांबवून शेंगा खाल्ल्या होत्या ते. म्हणून घेतली." त्यानंतर मी ती वापरू लागले. साडीला नाही, फक्त रुमालाला.

मला वासातलं काही कळत नव्हतं, पण त्या बाटलीनं मला थोडं शिकवलं. फवारली की आधी मिऱ्यासारखा झोंबरा वास येई. थोड्या वेळानं पेन्सिल तासल्यासारखा. आणि दुपार कलली की जे उरे त्याला मी शब्द शोधत असे. लाकडाच्या डेपोत करवत थांबल्यावर, भुसा निवल्यावर, लांब कुठेतरी पाचोळा जळत असावा, तसं काहीतरी. संध्याकाळी रुमालाची घडी उघडायची आणि एकदा नाकाशी धरायचा, हा माझा नेम झाला. तेव्हा तू जवळ असायचीस.

बाटली अर्ध्याच्या खाली आली तशी मला काळजी लागली. संपली म्हटलं की तू दुसरी पाठवणार, हे मला माहीत होतं, आणि ते मला नको होतं. म्हणून एका सकाळी फाटकातून जाऊन मी सरांना विचारलं, "याच्यासारखं काही इथे मिळेल का?"

सरांनी बाटली उलटी केली. वाचलं. सरळ केली, टकटक वाजवली. मग झाकण काढून वास घेतला, आणि पुन्हा एकदा घेतला. हे मला तेव्हा विशेष वाटलं नाही.

मग म्हणाले, "मिळते. काऊन नाही मिळणार? काढतो शोधून."

पुढचे काही आठवडे फार मजेत गेले, ते मी नाकारत नाही. सरांना निवृत्तीनंतर असं काम मिळालं नव्हतं. त्यांनी जुन्या उत्तरपत्रिकांच्या समासाच्या पट्ट्या कापल्या, प्रत्येकीवर पेन्सिलीनं खूण केली आणि आमची बैठक त्यांच्या व्हरांड्यात भरू लागली. नाक थकलं की मध्ये वाटीभर कोरडी ज्वारी हुंगायची, हा शोध सुमनताईंचा. त्यानं नाक खरंच धुतल्यासारखं होई.

आधी आलं जुन्या बाजारातल्या अत्तरवाल्याचं चंदन. गोड, जड, देवघरात बसल्यासारखं. मग वाळा, ज्याच्या ताट्या कूलरला लावतात; सुमनताई म्हणाल्या, "हे तं कूलरच्या ताटीचं पाणी हाय." मग नागरमोथा आणि चंदन मिसळून अत्तरवाल्यानं खास बनवून दिलेलं. ते दुपारनंतर बरंच जवळ येई, पण सुरुवातीला ओल्या मातीत नाक खुपसल्यासारखं वाटे. देवदाराचं तेल आयुर्वेदिक दुकानातून आलं; पेन्सिलीचा वास नेमका होता, पण अर्ध्या तासात उडाला. मेडिकलमधला एक स्प्रे सरांनी स्वतःवर मारून घेतला आणि सुमनताईंनी त्यांना आंघोळीला पाठवलं. शेवटी फोनवरून मागवलेल्या बाटल्या आल्या, महागड्या वासाच्या नकला म्हणूनच विकल्या जाणाऱ्या. त्यातली एक उघडली आणि आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. तोच झोंबरा मिऱ्याचा वास. तीच पेन्सिल.

"झालं!" मी म्हणाले.

"थांबा," सर म्हणाले. "संध्याकाळ होऊ द्या."

संध्याकाळी त्या पट्टीला न्हाव्याच्या दुकानाचा वास येत होता. गोडसर, पावडरीचा. माझ्या रुमालावर मात्र रान होतं. सरांनी दोन्ही कितीतरी वेळ आलटून पालटून हुंगले. म्हणाले, "मॅडम, हे नुसतं पट्टीवर नाही समजत. तुमची बाटली काही दिवस माह्यापाशी राहू द्या. अंगावर लावून पाहतो, सकाळ-संध्याकाळ."

मी दिली.

बाटली परत आली ती सोबत एक साधी काचेची कुपी घेऊन. सर फाटकातूनच ओरडत आले, "सापडलं!" म्हणे अत्तरवाल्याकडून थोडं काही मिसळून त्यांनी ती नक्कल दुरुस्त केली होती. त्यांनी मला डोळे मिटायला सांगितले. सुमनताईंनी माझे दोन्ही हात धरले, एका मनगटावर माझ्या बाटलीतलं, दुसऱ्यावर कुपीतलं. मी हुंगलं, ज्वारी हुंगली, परत हुंगलं. खरोखर फरक नव्हता. सुमनताईंनीही हुंगलं. त्याही म्हणाल्या, "एकच हाय वं माय!" सरांनी भिंतीवर थाप मारली. तशीच एक कुपी त्यांनी सुमनताईंना भरून दिली, आणि त्या इतक्या लाजल्या की पदर तोंडाला लावून आत गेल्या.

त्याच रात्री मी तुला फोन केला, सान्वी. म्हटलं, आता पुन्हा एवढे पैसे घालू नकोस, इथे आमच्या गावात हुबेहूब तसंच मिळतं, काडीचा फरक नाही. तू म्हणालीस, "बरं आजी." एवढंच. तुझं ते 'बरं' मला कळलं नाही असं समजू नकोस. पण मला वाटलं, मी खरं तेच सांगते आहे.

रोज मी कुपीतलं वापरत असे, पण संध्याकाळी रुमाल हुंगण्याचा नेम तुझ्या बाटलीसाठीच राखून ठेवला होता. तुझी बाटली सणासुदीसाठी ठेवली होती. इंद्रवेल्लीला एका विद्यार्थिनीच्या घरची वास्तुशांत होती, त्या दिवशी तुझी बाटली काढली. सकाळी मिरी, पेन्सिल, सगळं जागेवर. दुपारी जेवताना रुमाल काढला आणि मला न्हाव्याचं दुकान आठवलं. मी स्वतःची समजूत घातली. बाटलीला ऊन लागलं असेल. जुनी झाली असेल. माझं नाकच म्हातारं झालं असेल. शेवटचं कारण मला सगळ्यात पटलं, कारण त्यात दुसऱ्या कुणाचा दोष नव्हता.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सर दुपारचे माझ्याकडे पेन्शनच्या कागदांवर सही घ्यायला आले. बसले, पाणी प्यायले, चष्मा पुसला, गेले. संध्याकाळी खुर्ची आत घेताना पाहिलं तर त्यांचा रुमाल खुर्चीच्या हाताला राहिला होता. मी तो घडी करण्यासाठी उचलला.

करवत थांबलेली. भुसा निवलेला. लांब कुठेतरी पाचोळा.

मी त्या खुर्चीवरच बसले. दिवा लावायचंही सुचलं नाही. माझं नाक म्हातारं झालं नव्हतं. तुझ्या बाटलीचं फवाऱ्याचं तोंड फिरकीचं होतं, ते उघडून आतलं काढून घ्यायला आणि नक्कल भरायला कुणाला कष्ट पडणार नव्हते. आणि माझ्या दोन मनगटांवर फरक नव्हता, कारण दोन्हींवर एकच पाणी होतं.

मुलांनो, राग नंतर आला. आधी मला चहाच्या त्या दोन किटल्या आठवल्या. मग आजोबांच्या गोळ्या. दुसऱ्या दिवशी मी रिक्षा करून आजोबांच्या डॉक्टरांकडे गेले, ते आता स्वतःही थकलेत. त्यांनी सांगितलं की त्या गोळ्या अगदी बरोबर होत्या, त्यांनीही त्याच दिल्या असत्या. मला बरं वाटलं. पण इतक्या वर्षांनी मला हे विचारायला जावं लागलं, ते मी विसरू शकत नाही.

डॉक्टरांकडून मी तशीच गुरनुल्यांकडे गेले. सर बैठकीत पेपर वाचत होते. मी रुमाल टेबलावर ठेवला, शेजारी तुझी बाटली ठेवली.

"रुमाल राहिला होता."

"अहो, धुऊन द्यायचा ना, मॅडम," ते हसून म्हणाले. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हसणं तिथेच थांबलं.

"सर, तुमच्याकडे जी बाटली आहे ती मला द्या. माझी ही तुम्ही ठेवा."

"कोणती बाटली?"

"ज्यातलं तुम्ही रुमालाला लावता."

"ते? ते तं तेच हाय. तुमच्या कुपीतलंच." आणि सवयीनं, अगदी सवयीनं म्हणाले, "मालात फरक—"

"नाही ना? मग बदलू या."

इतक्यात सुमनताई चहा घेऊन आल्या. त्यांनी फक्त 'बदलू या' एवढंच ऐकलं होतं, मागचं पुढचं काही माहीत नव्हतं. त्यांनी ट्रे ठेवला आणि नवऱ्यावर ओरडल्या, "द्या ना मॅडमले! काऊन बसून राह्यले असे? सारखंच तं हाय दोन्ही."

सरांनी हात हलवला नाही. पेपरची घडी घातली, उघडली. सुमनताई हसत म्हणाल्या, "पाहा बाप्पा, म्हातारपणी कसे हट्टी झाले." पुन्हा म्हणाल्या, "उठा ना." तिसऱ्यांदा मात्र त्या म्हणाल्या नाहीत. त्या नवऱ्याकडे बघत होत्या. मी वर्गात इतकी वर्षं घालवली आहेत. एखाद्या चेहऱ्यावर उत्तर हळूहळू कसं उमटतं ते मला ओळखता येतं. तसं ते त्यांच्या चेहऱ्यावर उमटलं.

त्या आत गेल्या. दाढीच्या सामानाचा खण उघडल्याचा आवाज आला. परत आल्या तेव्हा हातात तेलाची एक तपकिरी बाटली होती. त्यांनी झाकण काढलं, वास घेतला, आणि मग आपल्या पदराचा वास घेतला, जिथे त्या रोज कुपीतलं लावत.

"आन माह्या कुपीत काय हाय?" त्यांनी विचारलं.

सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "सुमन, तुले फरक समजला असता काय? मॅडमलेबी नाही समजला. एवढ्या शिकलेल्या." मग खालच्या आवाजात, जणू त्यात सगळं उत्तर आलं, म्हणाले, "मले समजला."

सुमनताईंनी तपकिरी बाटली माझ्या हातात दिली आणि चहाचे कप उचलून परत नेले. एकानंही घोट घेतला नव्हता.

सान्वी, मला बाटलीचं दुःख नाही. त्यांनी मागितली असती तर मी ती सगळी दिली असती, आणि हे त्यांना माहीत होतं. पण मागायला गेलं तर आधी कबूल करावं लागतं, की फरक आहे. ते त्यांच्यानं झालं नाही. आम्ही सगळे ज्या वाक्यावर घरं चालवत आलो, त्यावर त्यांचा स्वतःचा विश्वास नव्हता. ते फक्त आमच्यासाठी होतं. आणि जिनं ते सर्वांत जास्त खरं मानलं, तिला त्यांनी नक्कल भरून दिली आणि तिचं लाजणंही पाहून घेतलं.

तपकिरी बाटली माझ्या कपाटात आहे. मी ती वापरत नाही. उघडली की आता तू येत नाहीस, त्यांचा रुमाल येतो. दुसरी पाठवू नकोस. या वेळी कारण खरं आहे.

फाटक उघडंच राहिलं, पण त्यातून कुणी आलं-गेलं नाही. पुढे कळलं की ते हैदराबादला मुलाकडे कायमचे जाणार आहेत. जाण्याआधी मी त्यांना एकदाच पाहिलं, बाजारात, गादीवाल्याच्या दुकानापुढे. मी पलीकडच्या बाजूला रिक्षाची वाट बघत होते. सोबत न्यायला नव्या गाद्या भरून घेणं चाललं होतं. सर दुकानाच्या पायरीवर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते; इस्त्री तशीच कडक होती, खांदे मात्र उतरले होते. सुमनताई आत उभ्या होत्या. गादीवाल्यानं एका पोत्यातून आणि दुसऱ्या पोत्यातून कापसाचे दोन पुंजके काढले आणि बाहेर येऊन, माल सरच पारखतात हे साऱ्या बाजाराला माहीत होतं म्हणून, सरांच्या पुढे धरले.

"देखो सर, आपही बताओ. इसमें और उसमें क्या फरक है?"

सरांनी हात पुढे केला. तेवढ्यात सुमनताई मागून आल्या, दोन्ही पुंजके गादीवाल्याच्या हातातून घेतले आणि बोटांमध्ये चोळून पाहू लागल्या.

"त्यायले काऊन इचारता?" त्या म्हणाल्या. "मले दाखवा."